परत येणारा नमस्कार

वाळूज एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांत जपानी कार्यपद्धतींची नावे देवनागरीत रंगवलेली दिसतात: कायझन, फाइव्ह एस, पोका-योके. बजाजचा इथला कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि कावासाकीशी कंपनीचा तांत्रिक सहकार्याचा करारही त्याच दशकातला. कामाची जपानी शिस्त पुढे सुटे भाग बनवणाऱ्या लहान शेडपर्यंत पोचली. जपानी कारखान्यातला एक रिवाज मात्र गेटबाहेरच राहिला, तो म्हणजे कमरेत वाकून करायचा नमस्कार. तिकडच्या कंपन्यांत नव्या नोकरदाराला तो चक्क अंशांच्या हिशेबाने शिकवतात. येता-जाता भेट झाली तर 15 अंश, ग्राहक किंवा वरिष्ठ समोर असेल तर 30, माफी मागायची किंवा फार मोठा आदर दाखवायचा तर 45. जपान पाहून आलेला मराठी माणूस या नम्रतेचे तोंड भरून कौतुक करतो, आणि तोच गावी कुणी पायावर डोके ठेवले की हा गुलामगिरीचा अवशेष आहे असेही म्हणतो. दोन्ही ठिकाणी माणूस वाकलेलाच असतो. मग वाकण्याने माणूस लहान होतो की नाही, हे ठरवायचे कशावरून?

उत्तराची सामग्री कारखान्यांच्या शेजारीच आहे. नगर रस्त्यालगतच्या पंढरपुरात, ज्याला लोक छोटे पंढरपूर म्हणतात, आषाढी एकादशीला संभाजीनगर शहरातून आणि आसपासच्या गावांतून प्रचंड गर्दी लोटते. तिथल्या दिंड्यांतला नमस्कार नीट पाहण्यासारखा असतो. कपाळाला बुक्का लावून झाला की दोघे एकाच वेळी खाली वाकतात, दोघांचेही हात समोरच्याच्या पायांकडे जातात, कधी डोक्याला डोके लागते. साठीचा माळकरी विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. समोरच्याचे वय, जात, हुद्दा यांची चौकशी आधी होत नाही. इथे अंश मोजायचा प्रश्नच उरत नाही. जपानी नमस्काराला पायऱ्या आहेत, वारकऱ्यांच्या नमस्काराला नाहीत. पण एक गोष्ट दोहोंत समान आहे. नमस्कार परत येतो. जपानी साहेब कमी वाकेल, पण वाकेल. आता आपल्या नेहमीच्या गेटवरचे दृश्य घ्या. गाडी आत शिरताना रखवालदार खाडकन सलाम ठोकतो, मागच्या सीटवरची काच वरच राहते आणि नजर मोबाइलवरून हलत नाही. या सलामात कमरेला बाकही येत नाही, तरी माणूस लहान होतो. म्हणून पाठीच्या कोनापेक्षा उत्तराकडे पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत कठोर पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. महारांनी वरच्या जातींना घालायचा जोहार हा एकाच दिशेने जाणारा रामराम होता. घेणाऱ्याने तो परत घालावा अशी सोयच त्यात नव्हती. आंबेडकरी चळवळीने तो टाकला आणि ‘जय भीम’ रूढ झाला, ज्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. जय भीमला उत्तर जय भीमच. विद्यार्थी प्राध्यापकाला म्हणतो, प्राध्यापक विद्यार्थ्याला तेच म्हणतो. संभाजीनगरात, जिथे बाबासाहेबांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले, हा शिष्टाचार आज इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यामागचे बंड पटकन ध्यानात येत नाही. पाया पडायला स्पष्ट नकार देणारा हा नमस्कार आणि पाया पडल्याशिवाय पुरा न होणारा वारकऱ्यांचा नमस्कार वरकरणी परस्परविरोधी आहेत. माझ्या कसोटीवर ते सख्खे भाऊ ठरतात.

मग आई-वडिलांच्या पाया पडणेही चूक का, असे कुणी विचारील. तिथे बदल्यात आशीर्वाद मिळतो, हे एक उत्तर. पण ते अपुरे आहे, कारण आशीर्वाद जमीनदारही देत असे. खरा फरक पाळीचा आहे. आज जो वाकतो तो उद्या वडीलधारा होतो आणि त्याच्यापुढे दुसरा वाकतो. जोहार घालणाऱ्याची पाळी पिढ्यान्‌पिढ्या आली नाही, येणार नाही याची व्यवस्थाच होती. सासरी सगळ्यांच्या पाया पडणाऱ्या नव्या सुनेचे काय, हा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. तिचीही पाळी येते खरी, पण सुनेपुढे. जावयापुढे सहसा नाही. या रिवाजाचा बचाव मला करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागतो. एकमेकांच्या पाया पडणाऱ्या याच संप्रदायातल्या महार संत चोखोबांना मूळ पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देऊळ सर्वांना खुले व्हायला 1947 चा मे महिना आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. मग त्या समतेच्या नमस्काराला किंमत काय? तत्त्वज्ञ कांटने सभ्यतेला चिल्लर म्हटले आहे. ते खरे सोने नव्हे हे सगळे जाणून असतात, म्हणून त्यात कुणाची फसवणूक होत नाही. पण नाणे फिरत राहिले तर त्यातून पुढे खरी सद्‌भावनाही तयार होऊ शकते, असा त्याचा विचार आहे. मी थोडे वेगळे म्हणेन. दिंडीतल्या नमस्काराने देवळाचे दार उघडले नाही, पण बंद दार हे धर्माविरुद्ध आहे असे म्हणायला वारकऱ्यांच्याच आचारातला आधार गुरुजींना मिळाला. जोहाराच्या परंपरेतून असा आधार कुणाला काढता आला नसता.

राहिली दोन संस्कृतींच्या तुलनेची गोष्ट. इथून जवळच पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवांची, सोवळ्याओवळ्याची, रीतिरिवाजांची यथेच्छ टर उडवतात. अखेर नमस्कार होतो आणि आलिंगनही. ‘ज्याची त्याची पद्धत’ म्हणून नाथ कुणालाच सोडत नाहीत, आणि एकाने दुसऱ्याची रीत उचलावी असाही त्यांचा आग्रह नाही. तेव्हा वाळूजच्या साहेबाने 30 अंशांत वाकायला शिकावे, अशी काही गरज नाही. गाडीची काच खाली करून रखवालदाराच्या सलामाला सलाम दिला तरी पुरे.