बरी होईन ना मी?

कर्जत-खालापूरकडचे कॅन्सरचे पुष्कळ रुग्ण केमोथेरपीसाठी परळला टाटांच्या १९४१ सालच्या रुग्णालयात जातात, नाहीतर पनवेलवरून खारघरला. धाकट्या बहिणीबरोबर मीही खारघरच्या खेपा घातल्या.

पहिल्याच खेपेला ती म्हणाली, "दादा, बरी होईन ना रे मी?" जन्म कीर्तनात गेलेला. देह नाशिवंत आहे, असे निरूपण मी सुरू केले. तिने तोंड फिरवले. बोललो ते खोटे नव्हते. पण मीच घाबरलो होतो आणि शब्दांआड लपलो होतो.

आत सिस्टर शीर शोधत होत्या. बहिणीने त्यांनाही तेच विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, ते मला आज सांगता येणार नाही. मळमळीचे औषध आधी देते. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"केस जातील त्याची."

मी मरणावर बोलत होतो!

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसा सांगताना चालण्याचा, पाहण्याचा, बोलण्याचाही किती बारीक विचार करतात, हे मी शेकडो श्रोत्यांना सांगितले. इथे ती सुई टोचणाऱ्या हातात दिसली. खोटा धीर देणे ही हिंसा, असे मी मानतो. मग समोरच्याचे न ऐकताच सांगितलेले सत्य काय? सिस्टरांनी दोन्ही टाळले. अर्थात एकीकडे इतके रुग्ण असतात, की प्रत्येकापाशी असे थांबणे त्यांना जमेलच असे नाही. त्याचा दोष त्यांना देऊ नये.

परतताना मी गप्प बसलो. चौक मागे पडल्यावर तिने पदर सारखा केला.

"दादा, हरिपाठ म्हण. हळू म्हण."