वेदनेची साक्ष

दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवण्यास पुरावा किती लागावा, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा वाटतो. मुळांत तो नीतीचा आहे. एंडोमेट्रिऑसिस ह्या व्याधीच्या निमित्तानें त्याचा विचार करणें सोयीचें होईल.

गर्भाशयाच्या अस्तरासारखें ऊतक गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा उदराच्या आवरणावर रुजणें, हें ह्या व्याधीचें स्वरूप. ऋतुस्रावाचा कांहीं अंश बीजनलिकांतून उलट उदरांत शिरतो व त्यांतील पेशी तेथें रुजतात, अशी उपपत्ति अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन ह्यांनीं १९२७ सालीं मांडली. परंतु असा उलटा स्राव बहुसंख्य स्त्रियांत होतो; व्याधि मात्र प्रजननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के स्त्रियांसच जडते. मग भेद कोठें आहे? त्याचा बराचसा भाग पेशींच्या आपसांतील संदेशांत असावा, असें आजचें जीवशास्त्र सांगतें. वाट चुकलेल्या पेशींचा फडशा पाडणें हें देहांतील भक्षक पेशींचें काम. येथें त्याच जणू फितूर होऊन नव्या रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या वाढीस उत्तेजन देणारे संदेश सोडतात. प्रोस्टाग्लँडिन हें द्रव्य त्या ऊतकास स्वतःच ईस्ट्रोजेन निर्माण करावयास लावतें, आणि ईस्ट्रोजेन पुनः प्रोस्टाग्लँडिन वाढवितें. वाढ आवरावयास सांगणाऱ्या प्रोजेस्टेरोनची आज्ञा मात्र नीट पाळली जात नाहीं.

हें संभाषण प्रयोगशाळेंत आतां कळूं लागलें आहे. पण त्याचा परिणाम स्त्री तर पूर्वीपासूनच सांगत होती! 'बाईच्या जातीला हें चालायचेंच' असें उत्तर तिला घरांत मिळे, आणि दवाखान्यांत 'मनाचे खेळ' म्हणून तिची बोळवण होई. आजही ह्या व्याधीचें निदान होण्यास पुष्कळदां वर्षेंच्या वर्षें जातात.

वैद्यानें संशय घेऊंच नये काय, असा आक्षेप येईल. संशय अवश्य घ्यावा. पण तो कारणाविषयीं, सांगणारीच्या प्रामाणिकपणाविषयीं नव्हे. 'कारण सांपडलें नाहीं' आणि 'दुःखच नाहीं' ह्या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें आपल्या ज्ञानाची मर्यादा कबूल करतें. दुसरें ती मर्यादा दुःखिताच्या माथीं मारतें. शिवाय, रेणूंचा शोध लागला म्हणून वेदना खरी ठरली असें मानणें ही देखील तीच चूक होय. शोधापूर्वींही ती तितकीच खरी होती. आणि ज्या वेदनेचें कारण अद्याप कोणासच सांपडलें नाहीं, तिचें काय? आपल्या नीतीची परीक्षा तेथें आहे.

घरांतील मुलगी पोट धरून निजली असतां 'काय होतें आहे' असें विचारावें व तिचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें, एवढें तरी कोणत्याही शोधाची वाट न पाहतां आपणांस करतां येण्यासारखें आहे.