गझनीहून आणलेले दरवाजे
१८४२ साली अफगाणिस्तानातून परतणाऱ्या इंग्रज फौजेने गझनीच्या महमूदाच्या कबरीचे दरवाजे काढून आणले. हे महमूदाने लुटून नेलेले सोमनाथाचेच चंदनी दरवाजे, आठशे वर्षांच्या अपमानाचे उट्टे निघाले, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरल एलेनबरोने राजेरजवाड्यांना उद्देशून काढला. दरवाजे निघाले देवदाराचे. घडणही गुजरातची नव्हे. आज ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. मेकॉलेने पुढच्या वर्षी पार्लमेंटात एलेनबरोची यथेच्छ टर उडवली, पण लाकूड ओळखण्यातली चूक त्या मानाने किरकोळच. एका सुलतानाचे कृत्य एका अख्ख्या समाजाच्या नावे आणि एका देवळाचा विध्वंस दुसऱ्या अख्ख्या समाजाच्या नावे, हा हिशेब त्या जाहीरनाम्यात सरकारी शिक्क्यानिशी मांडला गेला. कर्माचे फळ कर्त्याला, असे एक परंपरा सांगते. कयामतीला कोणी दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, असे दुसरी. पापाचा असा सामुदायिक वारसा दोन्हींच्या शिकवणीत बसत नाही.

या हिशेबाची चौकट मात्र आधीच तयार होती. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या जेम्स मिलने १८१७ च्या ग्रंथात इथल्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे भाग पाडले. तिसऱ्याला ख्रिस्ती म्हणावे असे त्याला वाटले नाही. फारसी तवारिखांचे उतारे जमवणाऱ्या एलियटने तर पुढे १८४९ च्या प्रस्तावनेत हेतूच सांगून टाकला: जुन्या राजवटी वाचून लोकांना इंग्रजी राज्याचे फायदे कळावेत.

यावर कोणी म्हणेल, देवळे फोडल्याच्या बढाया त्या तवारिखांतच आहेत, आणि एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद इंग्रजांच्या कितीतरी आधीचा. खरे आहे. महमूदाने सोमनाथ लुटले, औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला; भेद इंग्रजांनी निर्माण केला हे म्हणणे टिकत नाही. पण एकनाथांचे दोघे देव आणि आचार यांवर कडाडून भांडतात, आणि शेवटी समेट करतात. खुद्द सोमनाथजवळ, लुटीनंतर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत, १२६४ साली, होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोझने मशिदीसाठी जमीन घेतली. संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत लेख कोरले गेले. संस्कृत लेख अल्लाला विश्वनाथ म्हणतो, चार कालगणनांत तिथी देतो आणि उरलेले उत्पन्न मक्का-मदिनेला पाठवायला सांगतो. व्यवहाराला गावातल्या प्रतिष्ठितांची संमती होती. हा सलोखा नव्हे, सागरी व्यापाराचा स्वार्थ होता, असे म्हणता येईल. बेलाशक म्हणावे. स्वार्थ, सत्ता, खंडणी, बंदरातली जकात ही कारणे मान्य केली, तर महमूदाच्या स्वारीलाही तीच विचारावी लागतात. मिलच्या तीन भागांत त्यांना जागाच नाही.