यादी विसरते, माणसाने विसरावे काय?

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने परवा आम्हाला संगणकावरील एक खेळ दाखविला. त्यात रॅकेट घेऊन चेंडू मारावयाचा नसतो. एका काल्पनिक टेनिसविश्वाचा कारभार पाहावयाचा असतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वय, सर्व्हिसची ताकद, दमसास असे सारे आकड्यांत मांडलेले असते. पडद्यावर आठवडे सरतात, क्रमवारी हलते. वयाबरोबर आकडे चढतात आणि मग उतरू लागतात. त्या तरुणाने जपलेला एक खेळाडू तिशी ओलांडून घसरू लागला होता. त्याने एक कळ दाबली. ते नाव गेले आणि त्या जागी सतरा वर्षांचा नवा खेळाडू आला. ‘‘फादर, आता तो काही कामाचा नव्हता,’’ तो सहज म्हणाला. वाक्य खेळापुरतेच होते, तरी ते आमच्या मनात रुतून बसले.

क्रमवारीला दोष देणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. व्यावसायिक पुरुष खेळाडूंची संगणकीय क्रमवारी प्रथम २३ ऑगस्ट १९७३ रोजी प्रसिद्ध झाली आणि रुमानियाचा इली नास्तासे तीत पहिला होता. तत्पूर्वी स्पर्धेत कोणास प्रवेश द्यावा, हे पुष्कळदा आयोजकांच्या मर्जीवर ठरे. यादीने ही मर्जी मोडली. आज ग्रँड स्लॅम विजेत्यास २००० गुण मिळतात, परंतु ते ५२ आठवड्यांपुरतेच. वर्ष सरले की ते गळून पडतात आणि पुन्हा मिळवावे लागतात. गतवैभवावर जगण्याची मुभा कोणासही नाही. ती असती, तर नवख्यांसाठी दार उघडलेच नसते. यादीचे हे विसरणे क्रौर्य नव्हे, न्यायच होय, असे आम्ही मानतो.

मात्र यादी एकाच प्रश्नाचे उत्तर देते: गेल्या ५२ आठवड्यांत कोणी किती गुण मिळविले? तेही कधी कधी सत्याला सोडून असते. २०२२ साली विंबल्डनने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, म्हणून त्या स्पर्धेचे गुणच दिले गेले नाहीत. नोव्हाक जोकोविच स्पर्धा जिंकला आणि क्रमवारीत तिसऱ्या स्थानावरून सातव्या स्थानी उतरला!

त्याच जुलैत आणखी एक गोष्ट घडली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षभर खेळू न शकलेल्या रॉजर फेडररचे नाव यादीतून पूर्णपणे नाहीसे झाले. एकूण ३१० आठवडे अग्रस्थानी राहिलेला, त्यांतील २३७ आठवडे सलग राहिलेला हा खेळाडू. यादीच्या लेखी आता तो नव्हताच. सप्टेंबरात १९ वर्षांचा कार्लोस अल्काराझ अग्रस्थानी पोहोचला. या क्रमवारीच्या इतिहासात इतक्या लहान वयात तेथे पोहोचलेला तो पहिलाच पुरुष खेळाडू. त्यानंतर काही दिवसांनी, २३ सप्टेंबरला, फेडरर लंडनमध्ये आपला अखेरचा सामना खेळला. दुहेरीत त्याचा जोडीदार होता राफाएल नदाल. ते दोघे तो सामना हरले. सामन्यानंतर नदाल त्याच्या शेजारी बसून रडत होता. २००८ साली फेडररचे ते २३७ आठवड्यांचे राज्य संपविणारा हाच नदाल! ज्याने जागा घेतली, तोच निरोपाच्या वेळी शेजारी बसला.

संगणकातील खेळात वय वाढते तशी प्रत्येक पिढीची पाळी बहुधा येते. प्रत्यक्षात तसे घडेलच असे नाही. १९९० ते १९९९ या दशकात जन्मलेल्या पुरुष खेळाडूंपैकी २०२५ अखेरपर्यंत एकटा दानिल मेदवेदेव अग्रस्थानी पोहोचला. वडील मंडळी वेळेवर हटली नाहीत आणि धाकटी मंडळी लवकर आली. मधली पिढी काय आळशी होती? मुळीच नाही. स्थानावरून माणसाचे मोल ठरविणारा अशा पिढीवर अन्यायच करील.

यादी करणाऱ्या माणसांनाही हे ठाऊक असावे. दीर्घकाळ जायबंदी राहिलेल्या खेळाडूस परतताना जुन्या स्थानाच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश मिळावा, अशी तरतूद नियमांत आहे. २०२० साली महामारीमुळे स्पर्धा थांबल्या, तेव्हा मार्च ते ऑगस्ट क्रमवारीही थांबविण्यात आली. न्यायाच्या यंत्रात माणसाने दयेसाठी जागा ठेवली.

येथे आम्हास एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीच गायकवृंदातील एका वृद्ध ऑर्गनवादकास थांबावयास सांगितले. त्यांची बोटे अडखळत होती. तरुण मुलगी तयार होती. निर्णय चुकीचा नव्हता. परंतु त्यानंतर कित्येक महिने आम्ही त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. अखेर गेलो, तेव्हा त्यांनी कसलीही तक्रार केली नाही. ‘‘फादर, ती मुलगी चांगली वाजवते,’’ एवढेच ते म्हणाले. तेव्हा आम्हाला मान वर करवेना. आम्हीही एक कळच दाबली होती!

जागा कोणाच्याही मालकीची नसते, आमचीही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर हे अधिक स्पष्ट दिसते. वेळ आली की उठावे आणि उठावयास सांगावेही. परंतु जो उठतो त्याच्या शेजारी घटकाभर बसण्याचे काम कोणतीही यादी करणार नाही. वाचकहो, ते आपणासच करावे लागेल.