कोणाच्या चोचीतून?
वाचन : १ राजे १७:१-१६



गेल्या मार्चमध्ये मंडळीतील तरुणांसह आम्ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गणेशगुडी येथे शिबिरास गेलो होतो. सुपा धरणाच्या खालच्या अंगाला, काळी नदीच्या काठी, गर्द सावलीत आमच्या राहुट्या होत्या. हे वाघाचे रान. परंतु आम्हांला धडा दिला तो धनेश पक्ष्याने.

वाटाड्याने एका उंच झाडाची ढोली दाखविली. कवड्या धनेशाची मादी विणीच्या काळात अशा ढोलीत शिरते आणि विष्ठेने तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी राहते. अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत, कित्येक आठवडे, ती आतच कोंडलेली असते. नर वड-उंबराची फळे गळ्यात साठवून आणतो व एकेक करून फटीतून भरवितो. वाटाड्या म्हणाला, "नराला कोणी मारले, तर आतल्यांवर उपासमार येते."

त्या रात्री आम्ही एलीयाचा अध्याय वाचला. करीथ ओहोळापाशी देवाने त्याला कावळ्यांकडून भाकर व मांस पुरविले. ओहोळ आटला, तेव्हा सारफथच्या गरीब विधवेकडून पुरविले. देव पुरवितो, हे आपण शब्बाथशाळेत शिकवितो. पण तो कोणाच्या तरी चोचीतून, कोणाच्या तरी हातून पुरवितो, हे सांगावयाचे राहून जाते.

आमच्या मनाला टोचणी लागली. मंडळीतील एक आजी वर्षभर अंथरुणास खिळून आहेत. दर रविवारी आम्ही त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करीत होतो. घरी मात्र तीन महिन्यांत फिरकलो नव्हतो. त्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून देव आम्हांलाच पाठवीत होता, आणि आम्ही जागचे हललो नव्हतो!

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो. दार किंचित उघडे होते. आजी एवढेच म्हणाल्या, "आलात? बसा." त्यांनी बोल लावला असता, तर सोसणे सोपे गेले असते.

प्रियजनहो, तुमच्या मंडळीत दाराआड कोण आहे? येत्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यापूर्वी, शनिवारी त्यांच्या घरी जाऊन या. शिक्षकांनो, वर्गातील एकदोन मुलांनाही बरोबर न्या.

प्रभू आपणांस त्याच्या हातचे पाखरू करो. आमेन.