क्षमा म्हणजे विसरणे का?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, आकड्यांची मला सवय आहे. तरीही भाषांतराची सेवा करताना एका आकड्यापाशी मी थांबले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. हा आकडा मराठीत लिहायला मला क्षणभरही लागला नाही, आणि त्याचेच वाईट वाटले.

मग मनात प्रश्न आला. झाले गेले विसरावे, क्षमा करावी, असे आपण नेहमी ऐकतो. मग इतक्या वर्षांनी हे दुःख का आठवायचे? त्यातून द्वेषच वाढणार नाही का?

जर्मन कलाकार गुंटर डेम्निग १९९० च्या दशकापासून नाझींच्या बळींच्या घरांसमोर, फुटपाथमध्ये, पितळी पत्र्याचे लहान दगड बसवत आले आहेत. पत्रा अवघा १० सेंटिमीटर लांब-रुंद. त्यावर बहुधा 'येथे राहत होते' एवढे शब्द, मग नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झाले ते. एक दगड, एक माणूस. आज असे १ लाखाहून अधिक दगड आहेत. आउश्वित्झच्या छावणीत कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदत असत. हा दगड माणसाला त्याचे नाव परत देतो.

म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिले नाहीत. तेथील ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख स्वतः त्या काळातून वाचलेल्या. या नावांवर पुन्हा पाय पडू नयेत, असे त्यांचे म्हणणे. मला नामदेव पायरी आठवली. भक्तांच्या चरणांखालची ती जागा नामदेवांनी स्वतः मागितली होती. या माणसांना कोणी विचारलेच नव्हते. म्हणून त्यांचा आक्षेप मला पटतो. म्युनिकमध्ये आता नावांचे फलक डोळ्यांच्या उंचीवर लावतात. वाद आठवण कशी ठेवावी याचा आहे, ठेवावी की नाही याचा नाही.

येथे मला उत्तर सापडले. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा. जे गेले त्यांच्या वतीने आपण क्षमा करू शकत नाही. आपल्या हाती उरते ती आठवण. पितळ काळवंडते, म्हणून कितीतरी गावांत लोक गुडघे टेकून हे दगड घासतात, जशी आपण समई घासतो. त्यात कोणाविषयी द्वेष नसतो.

२७ जानेवारी १९४५ रोजी आउश्वित्झ मुक्त झाले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस स्मरणदिन ठरवला. यंदा त्या दिवशी ध्यानाला बसण्यापूर्वी आपण त्या ६० लाखांपैकी एकाच माणसाविषयी वाचूया, आणि त्याचे नाव एकदा मोठ्याने उच्चारूया.