साथ, दैव आणि पुरुषकार

चरकसंहितेच्या विमानस्थानात, गंगातीरी कांपिल्य नगरीजवळ संचार करीत असलेल्या पुनर्वसु आत्रेयांस त्यांचा शिष्य अग्निवेश असा प्रश्न करतो की, ज्यांची प्रकृती, आहार, देहबल व वय ही सारीच परस्परांहून भिन्न, अशी माणसे एकाच काळी एकाच व्याधीने नष्ट कशी होतात. आणि ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली, या देशातील त्या रोगाचा पहिला बळी ठरली, तेव्हा नायडू इस्पितळाच्या दारी तपासणीसाठी रांगेत उभी राहिलेली, कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगणारी, रुमालाने तोंड झाकलेली माणसे तोच प्रश्न मनाशी विचारीत होती.

या प्रश्नाला प्रारब्ध हे जे उत्तर आपल्याकडे सहज दिले जाते, ते मला अपुरेच नव्हे तर निर्दय वाटते. हा ताप गर्भवती स्त्रियांना, तान्ह्या मुलांना, वृद्धांना, मधुमेही व दमेकरी रुग्णांना अधिक छळतो. त्यांच्या माथी पूर्वजन्मीचे पाप मारणे म्हणजे आजाऱ्याच्या दुःखात बेअब्रूची भर घालणे होय. आत्रेय पूर्वकर्म नाकारीत नाहीत. परंतु साथीचे कारण सांगताना ते म्हणतात की, माणसे भिन्न असली तरी वायू, जल, देश आणि काल ही सर्वांना समान असतात, आणि ती बिघडण्याच्या मुळाशी जो अधर्म असतो, त्याचा आरंभ देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांपासून होतो. विषाणू त्यांना ठाऊक नव्हता. तथापि एकाच्या खोकल्याबरोबर उडालेले तुषार दुसऱ्याच्या श्वासात उतरतात हे ज्याला कळले, त्याला वायूचे समानत्व निराळे शिकवावे लागत नाही.

आयुष्याची मुदत ठरलेली आहे काय, हाही प्रश्न त्याच अध्यायात येतो. गाडीचा उत्तम आसही योग्य वाहिला तर आपल्या काळी झिजतो, पण अतिभाराने, वाईट वाटेने वा वंगणावाचून मध्येच मोडतो; तसेच आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असते, असा आत्रेयांचा निर्णय आहे. या तापात पुरुषकाराला वेळेचे बंधन आहे. बहुतेक रुग्ण विश्रांती, भरपूर पेय व ताप उतरविणारे साधे औषध एवढ्यावर बरे होतात. परंतु ज्यांना धोका अधिक त्यांनी, आणि धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे वा ग्लानी दिसताच प्रत्येकाने, दुखणे अंगावर न काढता दवाखाना गाठावा, कारण ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिले असता सर्वाधिक गुणकारी ठरते. जिवाणूंवरील प्रतिजैविके या विषाणूपुढे निष्फळ आहेत. ताप उतरल्यावरही थकवा कित्येक दिवस रेंगाळतो, आणि त्या काळात अंगमेहनतीची घाई न करणे हाही उपचारच होय.

वायू सर्वांना समान आहे; मग आपला श्वास दुसऱ्याला घातक ठरू नये म्हणून दूर राहणे हीच अहिंसा मानली, तर आजाऱ्याजवळ कोणी बसावे? याच पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी एका रोगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच संसर्गाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे जवळ जाणे आणि तापलेल्या माणसाने गर्दीपासून दूर राहणे, ही दोन्ही मला एकाच धर्माची अंगे वाटतात. कारण दोहोंत स्वतःच्या सोयीपेक्षा दुसऱ्याचा जीव मोठा मानला आहे. आज शुश्रूषा करणाऱ्याला मुखपट्टी, साबण व उघडी खिडकी यांचे साह्य आहे, आणि ते घेण्यात भक्तीला किंवा धैर्याला कसलाही कमीपणा नाही.

भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा, अशी आज्ञा आत्रेय शिष्यांना करतात. साथीपूर्वी घेतलेली लस याच दूरदृष्टीची आहे. विषाणू रूप पालटीत असल्यामुळे ती दरवर्षी घ्यावी लागते. मात्र ताप औषधावाचून उतरून चोवीस तास होईपर्यंत घरीच राहावे, हा नियम ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली की चूल पेटत नाही, त्याने कसा पाळावा? तो तापातच कामावर गेला आणि साथ पसरली, तर ती कसूर त्याच्या नावे मांडता येणार नाही. आत्रेयांच्या विवेचनाप्रमाणे ती आजारपणाची भरपगारी रजा नाकारणाऱ्या मालकाच्या, आणि अशी रजा सक्तीची करण्याची तजवीज न करणाऱ्या सरकारच्या नावे मांडली पाहिजे.